घरच्या लाईनवर सर्व्हर चालवायचाय? आधी आपल्या घराला पत्ता आहे का ते बघा

माझा सर्व्हर म्हणजे स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप, देवघराशेजारच्या फळीवर आडवा पडलेला. धूळ बसू नये म्हणून आई त्यावर क्रोशाचा रुमाल टाकते, गरम होतंय म्हणून मी तो काढतो, ती परत टाकते, असं चाललंय गेलं दीड वर्ष. त्यात आहे काय तर आजोबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी एमपी३ करून ठेवलेल्या, घरातले सगळे फोटो, आणि चुलतभावाच्या लग्नाचा व्हिडिओ जो पेनड्राईव्हवरून पेनड्राईव्हवर फिरत तीनदा हरवला होता. भाऊ पुण्यात, बहीण मडगावात, काका निपाणीत, सगळ्यांना आपापल्या घरातून हे बघता यावं एवढंच मला पायजे होतं. त्यासाठी मी तीन रविवार घालवले, कारण व्हिडिओ बघून बघून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक घरातल्या ठरावीक मशीनकडं वळवणं) करत बसलो, पोर्ट बदलले, राउटर रिसेट केला, मग वैतागून नवीन राउटर आणला, आणि शेवटी कळलं की आमच्या लाईनला बाहेरून कुणी येण्यासारखा पत्ताच नव्हता. राउटर बिचारा निर्दोष.

तुमचे रविवार वाचावेत म्हणून हे लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं फायबर आता गल्लीबोळात पोचलंय, अर्ध्या लोकांकडं मोठ्या कंपनीची लाईन आणि अर्ध्यांकडं आपल्या केबलवाल्याची, आणि दोन्हीकडं भानगड जवळपास सारखीच आहे.

कुलूप कुठलं लागलंय ते आधी ओळखा

घरून सर्व्हर चालत नाही याची कारणं तीन असू शकतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा. एक म्हणजे कंपनीच्या अटी, ज्यात लिहिलेलं असतंय की घरगुती कनेक्शनवर सर्व्हर चालवायचा नाही किंवा धंद्यासाठी वापरायचं नाही. दुसरं म्हणजे पत्ता, म्हणजे तुमच्या घराला स्वतःचा पब्लिक आयपी, बाहेरून थेट पोचता येईल असा आकडी पत्ता, नसणं. तिसरं म्हणजे काही ठरावीक पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरची नंबर घातलेली दारं, कंपनीनं वरच बंद केलेली असणं. इथं नव्वद टक्के लोक पहिल्या कारणाची भीती घालून घेतात आणि अडकतात दुसऱ्यात (हे नव्वद माझ्या मित्रमंडळींचं हां, कुठल्या सर्व्हेचं नाही).

कंपन्या असं का करतात हे पण थोडं समजून घ्या, म्हणजे फोनवर भांडताना उपयोग होतोय. अमेरिकेत २०१३ साली गूगल फायबरवरून यावर चांगलाच वाद झाला होता. कॅन्सस सिटीत १ जीबीपीएसची लाईन, अपलोडही तेवढंच, आणि अटीत लिहिलेलं की लेखी परवानगीशिवाय कसलाच सर्व्हर चालवायचा नाही. एवढा रुंद रस्ता देऊन वर बैलगाडी आणायची नाही म्हणायचं! एकानं एफसीसीकडं, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाकडं, तक्रार केली, बोंबाबोंब झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीनं अट बदलून वैयक्तिक, बिनधंद्याच्या सर्व्हरला मोकळीक दिली. आपल्याकडच्या अटी पण वाचायला घेतल्या की बहुतेक त्याच वळणाच्या निघतात, मोघम. पण घरातले फोटो भावाला दाखवले म्हणून कुणाची लाईन तोडल्याचं मी आजपर्यंत ऐकलेलं नाही. तोडतात ते लाईन शेजाऱ्यांना विकणाऱ्याची, नाहीतर ज्याच्या घरातून स्पॅमचा धूर निघतोय त्याची.

कंपनीची भीती सगळीच खोटी नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते, कारण लोकांनी फॅक्टरीतून आलेला पासवर्ड बदललाच नव्हता, आणि २१ ऑक्टोबरला त्या फौजेनं साईटींची नावं पत्त्यांशी जोडून देणाऱ्या डाइन (Dyn) कंपनीवर हल्ला केला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स सारख्या साईटी कित्येक तास अडखळल्या. असली एक पेटी आपल्या नेटवर्कमध्ये असली की प्रोव्हायडरला डोकेदुखी होतेच. दुसरं, फायबर आपल्या एकट्याचं नसतंय. घरोघरी जे जीपॉन असतंय त्यात एका मुख्य धाग्यावर खाली २.५ जीबीपीएस आणि वर १.२५ जीबीपीएस एवढीच जागा, ती ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली. तुम्ही दिवसरात्र अपलोड ठोकत बसलात तर गल्लीतल्या बाकीच्यांची पंचाईत.

पण खरं कारण त्याहून साधं आहे. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे आकडी पत्ते संपलेत. सगळ्या जगाला मिळून ४२९ कोटी, त्यात आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा साठा १५ एप्रिल २०११ ला शेवटच्या तुकड्यावर आला आणि त्यानंतर नवीन कंपनीला त्या तुकड्यातून जास्तीत जास्त १०२४ पत्ते, २०१९ पासून तर ५१२ च. आता सांगा, आपल्या तालुक्याच्या केबलवाल्याकडं गिऱ्हाईक तीन हजार, तो पत्ते आणणार कुठून? म्हणून तो एकेका पत्त्यामागं पन्नास-साठ घरं बसवतोय. याला म्हणतात सीजीनॅट.

हे असं समजा की पत्रावर नुसतं 'पाटील गल्ली, बेळगाव' लिहिलंय, घर नंबर नाही. तुम्ही पत्र पाठवलंत आणि उत्तर आलं तर पोस्टमनला आठवतंय की हे कोपऱ्यावरच्या घरातनं गेलं होतं, तो आणून देतोय. पण कुणी आपणहून पहिलं पत्र टाकलं तर ते कुणाच्या घरात टाकायचं? टाकतच नाही, फेकून देतोय. घरात बसून तुम्ही सगळं जग बघू शकता पण जगाला तुमच्या दारात येता येत नाही ते यामुळं. ही गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं.

पहिली पायरी: पत्ता तपासा

काहीही विकत घ्यायच्या आधी हे करा, पाच मिनिटांचं काम आहे. मोबाईल किंवा कॉम्प्युटर घरच्या वायफायला जोडा, ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा, बहुतेक १९२.१६८.१.१ असतंय, लॉगिन पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतोय. आत 'स्टेटस' किंवा 'वॅन' असं काहीतरी सापडेल, तिथं जो आयपी दिसतोय तो कागदावर लिहा. मग गूगलवर माझा आयपी काय म्हणून शोधा, जी साईट वर येईल ती जो दाखवेल तो शेजारी लिहा.

दोन्ही सारखे असतील तर तुम्ही नशीबवान, पब्लिक आयपी आहे, पुढची बरीच डोकेदुखी वाचली. वेगळे असतील तर राउटरमधला आकडा नीट बघा. १०० नं सुरू होऊन पुढं ६४ ते १२७ मधलं काही असेल, म्हणजे १००.७२ किंवा १००.९० असं काही, तर ते हमखास सीजीनॅट, कारण २०१२ मध्ये हा पट्टा त्याच कामासाठी राखून ठेवलाय. १० नं सुरू होत असेल तर ते पण बहुतेक सीजीनॅटच, लहान प्रोव्हायडर हे जास्त वापरतात. १९२.१६८ नं सुरू होत असेल तर एक गंमत असू शकते, की कंपनीचा पांढरा डबा वेगळा आणि तुमचा राउटर वेगळा, दोघंही राउटरगिरी करताहेत, तर आधी त्या पांढऱ्या डब्याचं पान उघडून तिथला वॅन आयपी बघा.

एक खबरदारी. टेलस्केल नावाचं ॲप आधीच फोनवर असेल तर ते स्वतः पण १०० चाच पत्ता देतंय, त्याला बघून सीजीनॅट आहे म्हणून रडत बसू नका, माझ्या एका मित्रानं हे केलंय. आणि आयपी दाखवणाऱ्या साईटनं तुमचं लोकेशन बंगळूर किंवा मुंबई दाखवलं तरी घाबरायचं कारण नाही, त्याचा इथं काही संबंध नाही, कंपनीची लाईन जिथनं बाहेर पडते ते गाव दाखवतंय.

साईटनं नुसत्या आकड्यांच्या ऐवजी लांबलचक अक्षरं आणि दोन-दोन टिंबांचं काहीतरी दाखवलं तर ते आयपीव्ही६, पत्त्यांची नवी पद्धत, ते चांगलं लक्षण आहे, त्यावर खाली बोलूच.

दुसरी पायरी: प्रोव्हायडरला विचारा, पण नीट शब्दांत

मी पहिल्यांदा फोन करून म्हटलं, मला घरात सर्व्हर चालवायचाय. चूक. समोरच्या पोरीनं मला थेट बिझनेस प्लॅनवाल्या माणसाकडं ढकललं आणि त्यानं असला आकडा सांगितला की मी चहा प्यायला गेलो. वायरमन आला त्याला विचारलं तर तो म्हणाला, "अण्णा, सर्व्हर कशाला ओ घरात, पेनड्राईव्ह घ्या की." बरोबर आहे त्याचं पण.

'सर्व्हर' हा शब्दच काढू नका. खोटं बोला असं म्हणत नाही, जे पायजे तेच मागा. तुम्हाला पायजे आहे स्टॅटिक आयपी, म्हणजे कधी न बदलणारा पत्ता, किंवा निदान सीजीनॅटमधून बाहेर काढून पब्लिक डायनॅमिक, म्हणजे अधूनमधून बदलणारा आयपी. घरचा कॅमेरा बाहेरून बघायचाय म्हणालात तरी त्यांना लगेच कळतंय, कारण तशी मागणी करणारे दुकानदार त्यांच्याकडं रोज येतात. बीएसएनएल आणि बाकी मोठ्या कंपन्या स्टॅटिक आयपी वेगळे पैसे घेऊन देतात, काही ठिकाणी फक्त ठरावीक प्लॅनवर. वर्षाचे किती, टॅक्स धरून की वगळून, हे विचारून मेसेजवर लिहून घ्या. कॉल सेंटरला कन्नडच लागलं आणि हिंदीचं बटण सापडेना तर "स्टॅटिक आयपी बेकु, एष्टु?" (पायजे, किती?) एवढ्यावर काम भागतंय, पुढचं तेच हिंदीत सांगतात.

गल्लीतला केबलवाला असेल तर फोन न करता ऑफिसात जा. तिथं बसलेल्या पोराला नाही, जो नेटवर्क बघतोय त्याला भेटा, प्रत्येक लहान प्रोव्हायडरकडं असा एकजण असतोय आणि त्याला असल्या गोष्टीत रस असतोय. मला तर त्यानं एक महिना फुकट पब्लिक आयपी लावून दिला, बघूया म्हणून. नंतर त्यांचं ऑफिसच दुसऱ्या कंपनीत विलीन झालं आणि एका सकाळी मी परत सीजीनॅटमागं, न सांगता न विचारता. म्हणून पैसे भरून घेत असाल तर पावतीवर स्टॅटिक आयपी असं लिहिलेलं पायजे.

पैसे भरून पण मिळालं नाही तर तक्रारीचा नंबर घ्या, डॉकेट नंबर म्हणतात त्याला. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणं आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि तिथं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण अशा दोन पायऱ्या आहेत. आहे त्या प्लॅनमध्येच फुकटात पब्लिक आयपी द्या असा हट्ट मात्र धरू नका, नेट न्यूट्रॅलिटीचं नाव घेऊनही नको. २०१८ साली सरकारनं जे मान्य केलं ते अमुक साईट अडवायची, तमुक साईट हळू करायची नाही असं आहे, प्रत्येक घराला पत्ता द्यायचं वचन त्यात नाही.

तिसरी पायरी: पब्लिक आयपी असेल तर

हा भाग पटकन सांगतो कारण यावर माहिती रग्गड आहे. सर्व्हरच्या मशीनला राउटरमध्ये कायमचा आतला आयपी बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. मग पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये ४४३ पोर्ट त्याच्याकडं वळवा. राउटर स्वतःचं पान ४४३ वर चालवत असेल तर ते आधी दुसरीकडं हलवा किंवा बाहेरून बंद करा, बंदच करा खरं तर. आयपी बदलता असेल तर डकडीएनएस सारखी फुकट सेवा घ्या, ती तुमच्या नावाला नवीन आकडा आपोआप जोडत राहते. ब्राउझरमध्ये नावाशेजारी दिसणाऱ्या कुलपाचं सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्टकडून फुकट, ९० दिवसांचं, कॅडी नावाचा प्रोग्रॅम वापरलात तर तो स्वतःच नवीन करतोय. प्रोव्हायडरनं ८० आणि ४४३ दोन्ही बंद ठेवले असतील तर डीएनएसमार्फत, म्हणजे साईटच्या नावाच्या नोंदीतून, पडताळणी करून पण सर्टिफिकेट मिळतंय आणि साईट ८४४३ वर चालवायची, नावापुढं आकडा टाकावा लागतोय एवढंच.

तपासताना घरच्या वायफायवरून तपासू नका. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत आणि तुम्हाला वाटतंय चाललं नाही. वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर बघा. माझ्या तीन रविवारांतला एक यातच गेला.

अजून एक पिडा, कंपनीचा डबा असेल तर कंपनी त्याचं सेटिंग लांबून बदलू शकते. रात्री अपडेट आला की सकाळी तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग गायब. जमत असेल तर त्यांना डबा ब्रिज मोडवर टाकायला, म्हणजे नुसती लाईन पुढं देईल असा करायला सांगा आणि आपला राउटर मागं लावा.

काही पोर्ट बहुतेक कुठंच उघडे मिळत नाहीत, विंडोजच्या फाईल शेअरिंगचा ४४५ त्यातला, २०१७ च्या वॉनाक्राय व्हायरसनंतर तर नाहीच, आणि तो बंद आहे हे तुमच्या भल्याचं आहे. २५ पण असाच. म्हणून घरून ईमेल सर्व्हर चालवायचा नाद सोडा. २५ नंबर उघडा मिळाला तरी घरगुती आयपीवरून आलेलं मेल मोठे मेलवाले दारातूनच परत पाठवतात, आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद प्रोव्हायडरच्या हातात, तुमच्या नाही. मी प्रयत्न केला होता. माझं पहिलं मेल माझ्याच दुसऱ्या अकाउंटच्या स्पॅममध्ये जाऊन पडलं.

चौथी पायरी: आयपीव्ही६ मिळतंय का बघा

आयपीव्ही६ वापरण्यात भारत जगात अगदी वरच्या नंबरांत आहे, कारण जिओनं २०१६ पासून मोबाईलवर तेच चालवलं आणि बाकीचे मागून आले. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांची टंचाईच नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा घर नंबर. मग सीजीनॅटचा प्रश्नच उरत नाही, डोमेनला, म्हणजे तुमच्या साईटच्या नावाला, आयपीव्ही६ चा पत्ता लावा, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या एका मशीनचं एक पोर्ट उघडा, झालं.

ऐकायला एवढं सोपं, पण आमच्याकडं दोन अडचणी आल्या. एक तर प्रोव्हायडरनं दिलेल्या डब्यात ती फायरवॉल एक तर पूर्ण बंद नाहीतर पूर्ण चालू, मधलं काही नाही, आणि पूर्ण उघडी टाकायची म्हणजे घरातला टीव्ही पण रस्त्यावर, तसं अजिबात करू नका. दुसरं म्हणजे बघणाऱ्याकडं पण आयपीव्ही६ पायजे. पुण्यातल्या भावाला मोबाईलवर दिसायचं, ऑफिसच्या वायफायवर नाही. निपाणीच्या काकांच्या केबलवाल्याकडं आयपीव्ही६ हा शब्दच नवीन. तरी तुमच्या घरचे सगळे मोबाईलवरूनच बघणार असतील तर हा बिनपैशाचा रस्ता आहे, करून बघा.

पाचवी पायरी: दार आतून उघडायचं

आता मुख्य गोष्ट. निपाणीत काकांची तंबाखूची वखार आहे, तिथं कॅमेरे लावलेत. काका संकेश्वरला लग्नात बसून मोबाईलवर वखार बघतात. त्यांच्याकडं ना स्टॅटिक आयपी, ना पोर्ट फॉरवर्डिंग, लाईन सीजीनॅटचीच. मग कसं दिसतंय? डीव्हीआरवर क्यूआर कोड स्कॅन केला होता ना, तिथंच गोम आहे. डीव्हीआर स्वतः आतून कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून ठेवतोय आणि फोन ठेवतच नाही. काकांचं ॲप पण त्याच सर्व्हरला फोन लावतंय आणि तो दोघांची गाठ घालून देतोय. पत्र आपणच आधी पाठवायचं आणि उत्तराची वाट उघडी ठेवायची. सीजीनॅट बाहेरून येणाऱ्याला अडवतंय, आतून जाणाऱ्याला नाही. हेच आपण आपल्या सर्व्हरसाठी करायचं. त्याचे तीन प्रकार मी वापरून बघितलेत.

फक्त घरच्यांसाठी असेल तर डोळे झाकून टेलस्केल. सर्व्हरवर टाका, प्रत्येकाच्या मोबाईलवर टाका, लॉगिन करा, संपलं. आत वायरगार्ड नावाचं तंत्र आहे, दोन यंत्रं जमलं तर थेट एकमेकांशी बोलतात, नाही जमलं तर मधल्या रिले सर्व्हरमधून, तेव्हा थोडं हळू चालतंय. घरगुती वापराला फुकट प्लॅन आहे. अडचण तंत्राची नाही, माणसांची आहे. काकूच्या फोनवर व्हीपीएनची ती किल्ली वर दिसली की तिला वाटतंय फोन हॅक झाला, ती बंद करते, आणि मग मला फोन, फोटो दिसंनात म्हणून. पुण्याच्या भावाला जमलं, मडगावच्या बहिणीला जमलं, काकूला आजपर्यंत नाही.

लिंक पाठवली की कुणालाही उघडली पायजे असं असेल तर क्लाउडफ्लेअर टनेल. एक डोमेन विकत घ्यावं लागतंय, ते क्लाउडफ्लेअरवर नोंदवायचं आणि घरच्या मशीनवर त्यांचा छोटा प्रोग्रॅम चालू ठेवायचा, तो आतून त्यांच्याशी जोडलेला राहतोय. २०२१ पासून हे फुकट आहे. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. तुमचं ट्रॅफिक त्यांच्याकडं उघडलं जातंय आणि परत बंद करून पुढं जातंय, म्हणजे मधला माणूस वाचू शकतो, हे चालणार असेल तरच. आणि फुकट प्लॅनमध्ये एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाईल चढवता येत नाही. इमिच या घरच्या सर्व्हरवर फोटो ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये फोटो भराभर चढतात आणि मोठा व्हिडिओ आला की तिथंच अडकून बसतोय, लोक इमिचला शिव्या देतात, कारण हे असतंय. सिनेमे दाखवायला पण हा रस्ता वापरू नका, त्यांच्या अटीत व्हिडिओचा मारा बसत नाही.

तिसरा रस्ता मी आता कायमचा धरलाय. मुंबईतल्या डेटासेंटरमध्ये एक लहानसा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनमधला आपल्यापुरता छोटा सर्व्हर, भाड्यानं घ्यायचा, महिन्याला चार-पाच डॉलरपासून मिळतोय. त्याला पब्लिक आयपी असतोयच. घरचा लॅपटॉप वायरगार्डनं त्याला आतून फोन लावून ठेवतो आणि जग त्या व्हीपीएसच्या दारात येतंय, तो मागं माझ्या देवघराशेजारी पाठवून देतोय. फाईली घरातच राहतात, तिकडं फक्त दार आहे. सेटिंगमध्ये एक ओळ विसरू नका, पर्सिस्टंट कीपअलाईव्ह २५. म्हणजे दर २५ सेकंदाला घरून एक हाक जाते. ती नसली तर सीजीनॅटवाला पोस्टमन थोड्या वेळानं तुम्हाला विसरतोय आणि सगळं ठप्प, आणि तुम्ही व्हीपीएसमध्ये चूक शोधत बसता. व्हीपीएस घेताना नाव-पत्ता-ओळखपत्र मागितलं तर बिचकू नका, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानं असल्या कंपन्यांना गिऱ्हाईकाची नोंद पाच वर्षं ठेवावी लागते.

स्टॅटिक आयपीचे वर्षाचे पैसे आणि व्हीपीएसचे बारा महिने असा हिशोब मांडून बघा, काही ठिकाणी पहिलं स्वस्त पडतंय. माझं दुसरं पडलं, आणि केबलवाला बदलला तरी माझा पत्ता बदलत नाही हा फायदा वेगळाच.

लाईट, पाऊस आणि गणपती

अपलोडचा हिशोब आधी करा. ४ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ ४० एमबीपीएस अपलोडवर उतरवायला तेरा-चौदा मिनिटं, १० एमबीपीएसवर जवळपास तास. प्लॅन घेताना डाउनलोडचा आकडा मोठ्यानं सांगतात, अपलोडचा विचारल्याशिवाय सांगत नाहीत. 'अनलिमिटेड' प्लॅनवर बऱ्याच ठिकाणी महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, घरगुती सर्व्हर तिथवर पोचत नाही.

वीज बघा. जुना लॅपटॉप १५ वॅट खातोय म्हटलं तर दिवसरात्र चालून महिन्याला ११ युनिट, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर ५ वॅट धरला तर साडेतीन-चार. हे आकडे लहान वाटतात पण गृहज्योती या कर्नाटकच्या फुकट विजेच्या योजनेचा हिशोब आठवा, तुमची जुनी सरासरी आणि वर १० टक्के एवढंच फुकट (अगदी कमी वापराच्या घराचा हिशोब वेगळा). सरासरी १०० युनिट असलेल्या घराला १० युनिटची सूट, ती माझा लॅपटॉप एकटाच खाऊन वर एक युनिट मागतोय. हेस्कॉमचं, म्हणजे आमच्या वीज कंपनीचं, बिल शून्यावरून वर आलं त्या महिन्यात बाबांनी विचारलं, ती फळीवरची पेटी रात्री बंद नाही का करत?

लॅपटॉपची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस, पण सतत चार्जिंगला राहून ती फुगते, म्हणून चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग असेल तर ते लावा आणि महिन्यातनं एकदा उलटा करून पोट बघा. फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. लाईट गेली आणि परत आली की मशीन आपोआप चालू व्हावं हे बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणारं मूळ सेटिंग) लावून ठेवा, आणि खरोखर प्लग काढून तपासा. जुलैत आमच्याकडं दिवसातनं सहा वेळा लाईट जाते, तुम्ही गोव्यात असताना कोण बटण दाबणार?

विसर्जनाच्या आधी उंच मूर्ती जाव्यात म्हणून रस्त्यावरच्या वायरी वर घेतात, कापतात, मग जोडतात. त्या दोन दिवसांत सर्व्हर बंद पडला तर लॉग वाचत बसू नका, खिडकीतनं खांबाकडं बघा.

दार उघडलं की कोण कोण येतंय

पोर्ट उघडून तासाभरात लॉग बघा, अंगावर काटा येतोय. चीन, ब्राझील, रशिया, कुठनं कुठनं यंत्रं येऊन पासवर्ड आजमावत असतात, तुम्ही कोण आहात हे त्यांना माहीत पण नसतंय, ते प्रत्येक पत्त्याचं दार ढकलून बघतात. एसएसएचला, म्हणजे लांबून मशीनवर काम करायच्या दाराला, पासवर्ड ठेवूच नका, किल्लीची फाईल वापरा. राउटरचं पान, डीव्हीआरचं पान, प्रिंटर, हे कधीच बाहेर उघडायचं नाही. यूपीएनपी बंद करा, नाहीतर कुठलंही ॲप तुम्हाला न विचारता दार उघडून ठेवतंय. आणि बॅकअप दुसऱ्या घरात ठेवा, मी एक डिस्क निपाणीच्या वखारीत ठेवलीय, तंबाखूचा वास लागलाय तिला पण चालते.

शेवटचं एक काम लोक टाळतात. हे सगळं चालतंय कसं ते फक्त तुमच्या डोक्यात असतंय. मी एका वहीच्या पानावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय, कुठली वायर कुठं जाते, बंद पडलं तर आधी पांढरा डबा बंद करून दोन मिनिटं थांबायचं, मग लॅपटॉप, व्हीपीएसचे पैसे कुठल्या तारखेला जातात, आणि पासवर्डचं पाकीट कपाटात कुठल्या खणात आहे. ते पान फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. आईनं त्याच्यावर पण रुमाल घातलाय.